दूध तोडल्यानंतरची हगवण : प्रतिजैविकांपासून प्रोबायोटिकपर्यंत

सोलापूर परिसरात डुकरे पाळण्याचे काम काही कष्टकरी समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. त्या मोकळ्या पद्धतीत पिल्ले आईबरोबर फिरतात आणि त्यांचे दूध तीन-चार महिन्यांत हळूहळू, आपसूक तुटते. २०२१ पासून राष्ट्रीय पशुधन अभियानात वराहपालन प्रकल्पांना ५० टक्के भांडवली अनुदान मिळते. त्याच्या आधारे ज्यांना लार्ज व्हाइट यॉर्कशायरसारखी जात बंदिस्त शेडमध्ये पाळायची आहे, त्यांच्यापुढे या पद्धतीबरोबर तिचा जुना रोगही येतो. तो म्हणजे दूध तोडल्यानंतर पिल्लांना लागणारी हगवण.

डुकरीण पुन्हा लवकर माजावर यावी म्हणून व्यापारी फार्मवर पिल्ले तीन-चार आठवड्यांतच वेगळी करतात. तोवर दुधातल्या साखरेवर वाढणारे लॅक्टोबॅसिलस जिवाणू पोटात लॅक्टिक आम्ल तयार करीत असतात आणि दुधातली प्रतिपिंडे आतड्याचे रक्षण करतात. दूध बंद होताच हे दोन्ही आधार एकदमच जातात आणि पिल्लाच्या जठरात स्वतःचे आम्ल अजून पुरेसे सुटत नसते. बावरलेले पिल्लू आधी खुराकाला तोंड लावत नाही, मग भुकेपोटी अधाशासारखे खाते, आणि अर्धवट पचलेल्या मका-सोयाबीनवर ई. कोलाय जिवाणू फोफावतो. तो आतड्याच्या भिंतीला चिकटून विष सोडतो, त्यामुळे शरीरातले पाणी आणि क्षार आतड्यात उतरतात. शेपटीखालचा ओला पिवळा डाग आणि खोल गेलेले डोळे दिसेपर्यंत पिल्लू बरेच खचलेले असते.

यावर बराच काळ प्रतिजैविके हेच उत्तर होते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड यांना दिसले की ऑरिओमायसिन या प्रतिजैविकाचा अंश खाद्यात असला की कोंबडीची पिल्ले झपाट्याने वाढतात. लवकरच डुकरांच्या खाद्यातही ही औषधे आली. इतक्या लवकर दूध तोडण्याची पद्धत रुजली ती बऱ्याच अंशी याच आधारावर, असे मला वाटते. ब्रिटनमधील स्वान समितीने १९६९ मध्ये औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंचा धोका मांडला, स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठी प्रतिजैविके देणे थांबवले आणि २००६ पासून संपूर्ण युरोपीय संघात ती बंद झाली. त्यांच्या जागी जस्ताच्या ऑक्साइडची मोठी मात्रा वापरली जाऊ लागली. पण शेणखतातून जस्त जमिनीत साठत गेले आणि जून २०२२ मध्ये तोही वापर तेथे थांबला. चीनमध्ये २०१५ साली डुकरांतल्या जिवाणूंत कोलिस्टिन या प्रतिजैविकाला दाद न देणारे, एका जिवाणूतून दुसऱ्यात जाणारे जनुक सापडले, आणि भारताने २०१९ मध्ये खाद्योपयोगी जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेले हे औषध होते, त्यामुळे हा निर्णय अत्यंत योग्य होता.

प्रोबायोटिक म्हणजे पोटात मुद्दाम दिले जाणारे उपयुक्त जिवंत जिवाणू. त्यांचा विचार मात्र प्रतिजैविकांहून जुना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एली मेचनिकोव्ह यांनी आंबवलेल्या दुधातले जिवाणू आतड्यातली सडण्याची क्रिया रोखतात, असे मांडले होते. फिनलंडमध्ये नुर्मी आणि रांताला यांनी १९७३ मध्ये प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यातले जिवाणू पिल्लांना देऊन साल्मोनेला या रोगजंतूला अटकाव केला. आधी जागा अडवणारे जिवाणू रोगजंतूला थारा देत नाहीत, हे त्यातून स्पष्ट झाले. अशा जिवाणूंना पोसणाऱ्या, पिल्लाला स्वतःला न पचणाऱ्या इन्युलिनसारख्या तंतूंची प्रीबायोटिक ही संकल्पना गिब्सन आणि रॉबरफ्रॉइड यांनी १९९५ मध्ये मांडली.

या उपायांचे परिणाम सर्वत्र सारखे आलेले नाहीत. जिवाणूचा वाण, मात्रा आणि शेडची स्वच्छता यांवर ते अवलंबून असतात. पिल्लू आजारी पडल्यावर प्रोबायोटिकची पुडी देण्यापेक्षा दूध तोडण्याआधीच खुराकातून सुरुवात केलेली बरी, कारण जागा आधी अडवणे हाच या उपायाचा गाभा आहे. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या पुडीतले लॅक्टोबॅसिलस लवकर मरतात. बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू मात्र बीजाणूच्या, म्हणजे कवचातल्या सुप्त, रूपात उष्णता सोसतो, म्हणून या भागात घेताना पुडीवर वाणाचे नाव, जिवंत जिवाणूंची संख्या आणि साठवणुकीचे तापमान वाचूनच घ्यावी.