मेथीची जुडी आणि कामाचे तास

संध्याकाळी चर्चगेटहून सुटणाऱ्या लोकलच्या लेडीज डब्यात बसायला जागा मिळाली की कुणीतरी पिशवीतून मेथीची जुडी काढतंच. मांडीवर वर्तमानपत्र पसरून पानं खुडायला सुरुवात होते. अंधेरीपर्यंत अर्धी जुडी संपते. बोरिवलीला उतरताना भाजी फक्त धुवायची राहिलेली असते.

अशी दमलेली बाई पाहून घरचे सहज म्हणतात, "झेपत नाही तर सोड ना नोकरी!" हा सल्ला मला फार चुकीचा वाटतो. १९३० च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल गावची कापड गिरणी बंद पडली. समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथल्या बेकार कुटुंबांचा बारकाईने अभ्यास केला. घरकाम बायकांच्या मागे होतंच, तरी त्यांना गिरणीत परत जायचं होतं, आणि तेही फक्त पैशांसाठी नव्हे. घरात एकटं कोंडून राहणं त्यांना सोसवत नव्हतं. चार ओळखीची माणसं, दिवसाला एक घडी, आपली स्वतःची ओळख, हे सगळं कामासोबत येतं. लेडीज डब्यातल्या ग्रुपमध्ये हळदीकुंकू आणि वाढदिवस होतात ते उगाच नाही.

मग इतकं दमवतं काय? स्वीडिश संशोधक मारियान फ्रँकेनहॉयझर यांनी १९८० च्या दशकात मोटार कंपनीतल्या स्त्री-पुरुष मॅनेजरांच्या लघवीतलं नॉरअ‍ॅड्रेनलिन मोजलं. ताण आला की हे संप्रेरक वाढतं. काम सुटल्यावर पुरुषांचं प्रमाण उतरू लागलं. बायकांचं चढलं! घराकडे निघालेलं त्यांचं शरीर पुढच्या पाळीसाठी कंबर कसत होतं.

ही पाळी केवढी मोठी असते? भारताच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांचे त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांचे ८८. मुलांचं, म्हाताऱ्यांचं करणं यात धरलेलंच नाही.

आठवड्याला किती तास नोकरी केली की मनाचं आरोग्य ढासळू लागतं, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलं. घरच्या जबाबदाऱ्या हिशेबात घेतल्यावर पुरुषांची मर्यादा निघाली ४७ तास, बायकांची ३४.

आपल्याकडे कारखान्यांसाठी कायद्याने ठरलेली मर्यादा ४८ तासांची आहे. त्यात लोकलचा प्रवास नाही, मेथी निवडणंही नाही.