कर्करुग्णांशी तंबाखूविषयक संवाद (कोल्हापूर परिसर)

कर्करोगाचे निदान झालेल्या रुग्णाला विडी, सिगारेट, तंबाखूबद्दल विचारणे आणि ती सोडताना त्याला साथ देणे, ही उपचाराचाच भाग असलेली वैद्यकीय पद्धत.

विचारणे, सल्ला देणे, सोडण्याची तयारी जोखणे, मदत करणे व पुढची भेट ठरवणे या तिच्या पाच पायऱ्या सर्रास तंबाखू सोडवण्याविषयीच्या २००० सालच्या अमेरिकी मार्गदर्शिकेच्या नावावर सांगितल्या जातात. तथापि यांपैकी चार पायऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने साधारणतः १९८०–९० च्या सुमारासच मांडल्या होत्या. ‘तयारी जोखणे’ ही मागाहूनची भर. त्यामुळे मूळ श्रेय त्या संस्थेला देणे अधिक सयुक्तिक वाटते.

‘आता रोग झालाच आहे, सोडून काय उपयोग?’ हा रुग्णांचा नेहमीचा प्रश्न. उपयोग आहे. विडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हीमोग्लोबिनला चिकटतो, गाठीला ऑक्सिजन कमी मिळतो आणि किरणोपचाराचा प्रभाव घटतो. शस्त्रक्रियेची जखम भरायला वेळ लागतो. धुरातील काही द्रव्ये यकृतातील विकरे (एन्झाइम) चेतवतात. त्यामुळे एर्लोटिनिबसारखे कर्करोगावरचे औषध शरीरातून लवकर निघून जाते. निदानानंतरचे धूम्रपान व वाढता मृत्युदर यांचा कार्यकारणसंबंध अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य-प्रवक्त्याच्या) २०१४ च्या अहवालाने मान्य केला.

कोल्हापुरात अडचण पहिल्याच पायरीला येते. विडी-तंबाखूची निपाणी बाजारपेठ इथून जवळ. पण २०१६–१७ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. ‘विडी ओढता का?’ असे विचारले, की ‘न्हाई वो डॉक्टर’ हे उत्तर खरेच असते, आणि खिशात चंची अन् चुन्याची डबीही असते. शेजारी मुलगा उभा असेल, तर म्हातारा आधी त्याच्याकडे बघतो. अशा वेळी मुलाला केसपेपर काढायला धाडून, ‘मामा, दिवसाला किती वेळा मळता?’ असे सरळ विचारावे. ‘तुम्हीच ओढवून घेतलंत’ हे वाक्य मात्र कधीही उच्चारू नये. ते ऐकलेला माणूस पुढच्या वेळी खोटे सांगतो, किंवा येतच नाही.

बायकांना विचारायचे राहून जाते. मिश्री ही त्यांच्या लेखी दात घासायची वस्तू, व्यसन नव्हे. ‘मावशी, दाताला काय लावता?’ म्हटल्यावर तव्यावर भाजलेल्या तंबाखूची गोष्ट निघते.