इस्ट्रोजेन रिसेप्टर नसलेला उंदीर: पार्श्वभूमी

इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचा रिसेप्टर, म्हणजे पेशीत त्याला पकडून त्याचा संदेश पोचवणारं प्रथिन, बनवणारं जनुक उंदरात निकामी केलं तर पिल्लू जन्मालाच येणार नाही, असं 1990 च्या सुमारास बहुतेक जाणकार धरून चालले होते. तसं मानायला कारणही होतं. पुरुषी हार्मोनच्या, म्हणजे अँड्रोजेनच्या रिसेप्टरमधले जन्मजात दोष माणसांत आणि उंदरांत कधीचेच सापडले होते. इस्ट्रोजेनच्या बाबतीत मात्र एकही उदाहरण नव्हतं. ज्या दोषाचा रुग्णच कधी दिसत नाही, तो दोष गर्भातच जीव घेत असणार, असा हा तर्क.

हा रिसेप्टर मुळात असतो, हेच पटायला बराच काळ गेला. इस्ट्रोजेन पेशीतल्या एन्झाइमांच्या रासायनिक उलाढालीत भाग घेऊन काम करतं, अशी 1950 च्या दशकातली समजूत होती. शिकागो विद्यापीठातल्या एल्वूड जेन्सन यांनी ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, जोडलेलं एस्ट्राडायॉल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) अगदी सूक्ष्म मात्रेत मोठ्या जातीच्या मादी उंदरांना (रॅट) टोचलं. ते रक्तातून आणि इतर अवयवांतून निघून गेलं, पण गर्भाशयात टिकून राहिलं, तेही रासायनिकदृष्ट्या जसंच्या तसं. म्हणजे तिथे त्याला धरून ठेवणारं काहीतरी होतं. 1958 मध्ये व्हिएन्नातल्या परिषदेत त्यांनी हे मांडलं तेव्हा समोर पाच माणसं होती आणि त्यातले तिघे त्याच सत्रातले वक्ते, अशी आठवण ते पुढे सांगत. 1986 मध्ये माणसातल्या या रिसेप्टरचं जनुक हाती आलं, लगोलग उंदराचंही. उंदरात ते 10 व्या गुणसूत्रावर असतं.

दरम्यान ऑलिव्हर स्मिथीज आणि इतरांनी उंदराच्या भ्रूणाच्या मूलपेशींत हवं ते जनुक नेमकं मोडण्याचं तंत्र बसवलं होतं. 2007 चं नोबेल त्याच कामाला मिळालं. स्मिथीज आणि केनेथ कोराच यांच्या गटांनी नॉर्थ कॅरोलिनात हे तंत्र इस्ट्रोजेन रिसेप्टरवर वापरलं. 1993 मध्ये डेनिस लुबान पहिले लेखक असलेला त्यांचा शोधनिबंध आला. जनुकाच्या दोन्ही प्रती मोडलेली पिल्लं जन्मली, वाढली, आणि नर-मादी म्हणून नीट ओळखूही आली. मादीत गर्भाशय होतं, पण खुरटलेलं आणि इस्ट्रोजेन टोचूनही दाद न देणारं. अंडाशयात रक्ताने भरलेल्या गाठी होत्या, बीज सुटल्यावर मागे तयार होणारे पीतपिंड नव्हते. म्हणजे बीज सुटतच नव्हतं. मादी वांझ निघणार हे अपेक्षितच होतं.

गोम नराच्या बाबतीत निघाली. तोही वंध्य. 1997 मध्ये रेक्स हेस आणि सहकाऱ्यांनी त्याचं कारण दाखवलं, आणि माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वांत सुंदर भाग तोच. वृषणात तयार झालेले शुक्राणू भरपूर द्रवातून वाहत बाहेर येतात. वाटेतल्या बारीक नलिका त्यातला बहुतेक द्रव शोषून घेतात, तेव्हा कुठे शुक्राणू दाट होऊन पुढे जातात. हे शोषण इस्ट्रोजेन रिसेप्टरवर अवलंबून असतं. तो नसला की द्रव तसाच राहतो, शुक्राणू पातळ होतात आणि मोरी तुंबल्यासारखा दाब मागे चढतो. वृषण आधी फुगतात, मग आतून झडतात.

मग शुक्राणू बनवणाऱ्या पेशींतच काही दोष होता का? 2000 मध्ये कोराच यांच्या सहकाऱ्यांनी त्या पेशी अशा उंदरांकडून काढून रिसेप्टर शाबूत असलेल्या नरांच्या वृषणांत सोडल्या. या नरांच्या स्वतःच्या शुक्राणुजनक पेशी आधी औषधाने मारलेल्या होत्या. त्यांना पिल्लं झाली, मोडलेलं जनुक बाळगणारी. पेशी धडधाकट होत्या. बिघाड सभोवतालात होता.

1994 मध्ये या रिसेप्टरच्या दोषाचं माणसातलं उदाहरणही सापडलं: 28 वर्षांचा, 204 सेंटीमीटर उंचीचा पुरुष. हाडांची टोकं अजून जुळलेली नव्हती, म्हणून उंची वाढतच होती. आणि हाडं ठिसूळ होती.

उंदरांवरच्या या कामात एक अडचण होती. 1993 च्या उंदरांत जनुक पूर्ण मोडलेलं नव्हतं. त्यापासून रिसेप्टरचं अर्धवट काम करणारं रूप थोडं बनत होतं. शिवाय 1996 मध्ये स्वीडनमध्ये यान-ओके गुस्ताफसन यांच्या गटाला दुसरा, ‘बीटा’ रिसेप्टर सापडला. तेव्हापासून पहिला ‘अल्फा’ झाला. बीटा नसलेल्या माद्यांना पिल्लं कमी होतात, पण होतात. नरांचं काही अडत नाही. दोन्ही नसलेल्या माद्यांच्या अंडाशयात मात्र वृषणातल्या सर्टोली पेशींसारख्या (शुक्राणूंना वाढताना आधार देणाऱ्या) पेशी दिसू लागल्या. स्ट्रासबुर्गमध्ये पिएर शाँबाँ यांच्या गटाने 2000 मध्ये अल्फा पुरता काढून टाकलेले उंदीर तयार केले. त्यांच्यातही नर-मादी दोन्ही वंध्यच निघाले.

त्यानंतर जनुक अख्ख्या प्राण्यातून न काढता एकेका प्रकारच्या पेशीतून काढायला सुरुवात झाली. 2006 मध्ये ते फक्त चेतापेशींतून काढलं, तरी मादी वांझच राहिली. म्हणजे अंडाशयात रिसेप्टर शाबूत असूनही, मेंदूला इस्ट्रोजेनची खबर पोचत नसेल तर बीज सुटत नाही.