व्हीएनसीचा व्ह्यूअर मध्येच का पडतो : पार्श्वभूमी

व्हीएनसी म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरचा पडदा नेटवर्कवरून इथे दाखवणारं सॉफ्टवेअर : तिथून चित्र पाठवतो तो सर्व्हर, इथे दाखवतो तो व्ह्यूअर. असा दूरच्या कॉम्प्युटरचा डेस्कटॉप बघता बघता व्ह्यूअरची खिडकी फटकन बंद झाली, की सपोर्टवाल्यांची ठरलेली यादी सुरू होते. नेट बघा, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका, अँटीव्हायरस बंद करून बघा. यात चुकीचं काही नाही. पण नेट गेलं तर व्ह्यूअरने ‘कनेक्शन तुटलं’ असं सांगून गप थांबायला हवं. न सांगता तो मरत असेल, तर समोरून आलेले बाइट वाचताना त्याची गफलत झाली, ही शंका आधी घ्यावी. ही गफलत कुठे कुठे होऊ शकते, हे व्हीएनसीचा इतिहास माहीत असेल तर पटकन लक्षात येतं.

व्हीएनसी जन्माला आलं इंग्लंडातल्या केंब्रिजमध्ये. ऑलिव्हेटी या इटालियन कंपनीची तिथे 1986 पासून संशोधन प्रयोगशाळा होती, आणि अँडी हॉपर तिच्या संस्थापकांपैकी एक. या प्रयोगशाळेत ‘व्हिडिओटाइल’ नावाचं एक उपकरण झालं होतं : एलसीडी पडदा, एक पेन आणि वेगवान एटीएम नेटवर्कची जोडणी (हे एटीएम बँकेचं नव्हे, डेटा वाहून नेण्याची एक पद्धत). त्याने स्वतः काही चालवायचं नाही, पलीकडून येणारं चित्र तेवढं दाखवायचं. मग हेच काम साध्या सॉफ्टवेअरने का करू नये, या विचारातून व्हीएनसी उभं राहिलं. 1998 मध्ये ट्रिस्टन रिचर्डसन, क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर, केनेथ वुड आणि हॉपर यांनी त्यावर निबंध प्रसिद्ध केला आणि सोर्स कोड जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली सगळ्यांना खुला झाला. (यातले स्टॅफर्ड-फ्रेझर म्हणजे विद्यापीठातल्या कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावणाऱ्यांपैकी एक. दुसरीकडचं इथे बसून बघण्याची खोड जुनीच.)

मूळ रचनेतली दोन सूत्रं इथे महत्त्वाची. एक, व्ह्यूअर जितका हलका करता येईल तितका हलका. विंडोजचा व्ह्यूअर साधारण 150 केबीचा होता आणि थेट फ्लॉपीवरून चालायचा. दोन, व्ह्यूअरकडे जपण्यासारखं काहीच नको. तो बंद करा, दुसऱ्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून पुन्हा जोडा, कर्सर होता तिथेच सापडेल. दुसऱ्या सूत्राचा एक परिणाम कुणी मुद्दाम योजला नसावा, पण झाला खरा : व्ह्यूअर पडला तरी काम बुडत नाही, त्यामुळे पडण्याची तक्रार फारशी कुणी मनावर घेत नाही. पुन्हा जोडा नि पुढे चला. अनेक जुने दोष वर्षानुवर्षं तसेच राहिले त्यामागे ही सवयही असावी, असं मला वाटतं.

आता प्रत्यक्ष प्रोटोकॉल, म्हणजे सर्व्हर आणि व्ह्यूअर यांच्या बोलण्याचे नियम. त्याचं नाव आरएफबी. पडद्यावर बदल झाला की सर्व्हर एक संदेश पाठवतो आणि त्यात किती आयत येत आहेत ते सांगतो. प्रत्येक आयताच्या सुरुवातीला 12 बाइटांचं मथळ्यासारखं काही असतं : डावीकडून अंतर, वरून अंतर, रुंदी, उंची, प्रत्येकी दोन बाइट, आणि शेवटच्या चार बाइटांत एन्कोडिंगचा, म्हणजे पिक्सेल कोणत्या पद्धतीने लिहिले आहेत त्याचा, क्रमांक. त्यापुढे पिक्सेल. गंमत अशी, की संपूर्ण संदेश किती बाइटांचा आहे हे कुठेच लिहिलेलं नाही. आयत कुठे संपतो हे व्ह्यूअरने एन्कोडिंग समजून घेऊन स्वतःच ठरवायचं. तो एका बाइटने जरी चुकला, तरी पुढचा पिक्सेल त्याला नवा संदेश वाटतो आणि तिथून पुढे सगळंच घसरतं. ‘अनोळखी संदेश प्रकार’ असं काही दाखवून व्ह्यूअर बंद झाला, तर बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. शहाणा व्ह्यूअर एवढं बोलून थांबतो, भोळा भलत्याच आकड्याइतकी मेमरी मागतो आणि कोसळतो.

सुरुवातीला एन्कोडिंग मोजकी होती. रॉ म्हणजे पिक्सेल जसेच्या तसे, कॉपीरेक्ट म्हणजे पडद्यावरचाच एक तुकडा दुसरीकडे हलवा, हेक्सटाइल म्हणजे 16 बाय 16 पिक्सेलचे तुकडे. ही भाषा तशी सरळ होती. पण तेव्हाच्या मोडेमवर ती जड पडायची, म्हणून कॉन्स्टँटिन कॅप्लिन्स्कीने टाइटव्हीएनसी ही व्हीएनसीची वेगळी आवृत्ती काढली आणि त्याबरोबर टाइट एन्कोडिंग आणलं. एप्रिल 2002 मध्ये केंब्रिजची प्रयोगशाळा बंद पडली (तोवर ती एटीअँडटी या अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या हातात गेली होती) आणि तिथल्याच काही लोकांनी रिअलव्हीएनसी ही कंपनी सुरू केली. त्यांचं एन्कोडिंग झेडआरएलई. शिवाय व्हीएनसीचेच आणखी अवतार : अल्ट्राव्हीएनसी निघालं, टर्बोव्हीएनसी निघालं, 2009 मध्ये टायगरव्हीएनसी निघालं. टाइट आणि झेडआरएलई दोन्ही झेडलिब या कोडने दाबून लहान केलेले (कॉम्प्रेस केलेले) बाइट पाठवतात, आणि हा दाबलेला प्रवाह आयतागणिक नव्याने सुरू होत नाही, जोडणीभर सलग चालतो. म्हणजे एक आयत चुकीचा उलगडला की पुढच्यांचं काही खरं नाही.

प्रत्येकाने आपापली भर घातली आणि दुसऱ्याशी जुळवूनही घ्यायचं होतं. याचा एक नमुना जवळून पाहण्यासारखा आहे. जोडणीचा वेग पाहून व्ह्यूअर आपणहून रंगांची खोली बदलतो, म्हणजे वेग कमी असेल तर कमी रंग आणि वाढला की पूर्ण रंग. मात्र हा बदल चालू असताना टाइटव्हीएनसी 1.2.9 चा युनिक्स सर्व्हर कर्सरचं चित्र न मागता, मध्येच पाठवून देतो. ते चित्र जुन्या रंगपद्धतीत असतं आणि व्ह्यूअर नव्या पद्धतीने वाचायला बसलेला असतो. पिक्सेलमागे बाइट कमीजास्त, मोजणी चुकली, व्ह्यूअर पडला. टायगरव्हीएनसीच्या व्ह्यूअरच्या कोडमध्ये ही हकिगत टिप्पणी म्हणून लिहून ठेवली आहे, आणि त्यावरचा इलाजही तिथेच केला आहे : समोरचा सर्व्हर आरएफबी 3.8 च्या आधीचा असेल, तर आपोआप रंग बदलायचेच नाहीत. दुरुस्ती सर्व्हरमध्ये व्हायला हवी होती, पण जगभर बसवलेले जुने सर्व्हर कोण बदलत बसणार? म्हणून व्ह्यूअरने पडतं घेतलं. ‘ऑटो सिलेक्ट’ची खूण काढा आणि रंग ‘फुल’वर ठेवा, हा सल्ला ऐकायला तोडगा वाटतो, पण त्यामागे असं ठोस कारण असतं.

पडद्याचा आकार बदलणं हीसुद्धा नंतरची भर. पलीकडे कुणी लॅपटॉपला दुसरा मॉनिटर लावला की सर्व्हर खोटा आयत पाठवतो. त्याच्या एन्कोडिंगचा क्रमांक ऋण असतो, -223, आणि त्यातली रुंदी-उंची म्हणजे नव्या पडद्याची मापं. व्ह्यूअरने जुना बफर, म्हणजे चित्र ठेवण्याची मेमरीतली जागा, सोडून नवा घ्यायचा. चित्र रंगवणारा धागा (थ्रेड, म्हणजे प्रोग्रामचा एकाच वेळी वेगळा चालणारा भाग) त्या क्षणी जुन्याच बफरमध्ये लिहीत असेल, तर संपलं. मॉनिटर लावताना-काढतानाच व्ह्यूअर पडत असेल, तर नेटच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

मापांची आणखी एक खोड आहे. रुंदी आणि उंची दोन-दोन बाइटांत मावतात, म्हणजे 65,535 पर्यंत. सर्व्हरने 32,768 बाय 32,768 असा आयत सांगितला आणि पिक्सेलमागे 4 बाइट धरले, तर गुणाकार येतो 4,29,49,67,296. बत्तीस बिटांच्या पूर्णांकात हा आकडा मावत नाही, आणि नेमका शून्य होतो. व्ह्यूअर शून्य बाइट जागा मागतो आणि त्यात चित्र ओतायला लागतो. पलीकडचा सर्व्हर आपलाच आहे, तो असं कशाला करेल, असं धरून लिहिलेल्या कोडमध्ये ही तपासणी नसायची. नोव्हेंबर 2019 मध्ये कॅस्परस्कीच्या संशोधकांनी लिबव्हीएनसी, टाइटव्हीएनसी 1.एक्स, टर्बोव्हीएनसी आणि अल्ट्राव्हीएनसी या चार अंमलबजावण्यांत मिळून 37 दोष जाहीर केले. काही दोष 1999 पासूनचे होते, आणि ते व्ह्यूअरच्या बाजूलाही होते. नुसता क्रॅश म्हणून ज्याकडे काणाडोळा होत होता, त्यातल्या काहींचा वापर करून व्ह्यूअर चालवणाऱ्याच्या मशीनवर परका कोड चालवता आला असता. त्यामुळे अनोळखी सर्व्हरला जोडल्यावर व्ह्यूअर पडला, तर ‘परत करून बघू’ म्हणण्याआधी आवृत्ती अद्ययावत करावी.

आवृत्त्यांच्या क्रमांकांतही घोळ आहे. जोडणी सुरू होताच दोन्ही बाजू 12 बाइटांत आपली आरएफबी आवृत्ती सांगतात. अधिकृत आवृत्त्या तीनच : 3.3, 3.7 आणि 3.8. मार्च 2011 मध्ये आरएफसी 6143 हा इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज निघाला, त्यातही याच. पण मॅकचं स्क्रीन शेअरिंग स्वतःला 3.889 म्हणवतं, अल्ट्राव्हीएनसीने 3.4 आणि 3.6 वापरले. अनोळखी आकडा दिसला तर 3.3 समजा, असं आरएफसी सांगतो. व्ह्यूअरच्या लॉगची (नोंदींची) पातळी वाढवून ही पहिली ओळ बघितली, तर समोर नेमकं कोण आहे याचा अंदाज येतो. त्यानंतर एन्कोडिंग टाइटवरून हेक्सटाइल, मग रॉ असं मागे मागे नेत जायचं. टायगरव्हीएनसीत पर्यायांत गेलं की हे जमतं. रॉवर चित्र संथ येईल, पण तिथे व्ह्यूअर टिकला तर दोष दाबण्या-उलगडण्याच्या कोडमध्ये असावा. रॉवरही पडला तर कर्सर, आकारबदल किंवा स्थानिक ग्राफिक्स ड्रायव्हरकडे वळायचं.

अलीकडची भर वेलँडची. लिनक्सवर पडद्यावर खिडक्या दाखवण्याची जुनी व्यवस्था एक्स11, नवी वेलँड. जुने लिनक्स सर्व्हर एक्स11 वर उभे आहेत, आणि वेलँडमध्ये कुणालाही पडद्याचे पिक्सेल सहज उचलता येत नाहीत. ऑक्टोबर 2023 मध्ये रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त कॉम्प्युटरची बुकवर्म ही प्रणाली आली, तेव्हा पाय 4 आणि 5 वर वेलँड हेच ठरलेलं झालं. वर्षानुवर्षं सोबत येणारा रिअलव्हीएनसी सर्व्हर त्यावर चालेना, म्हणून त्याजागी वेव्हीएनसी हा वेलँडवर चालणारा सर्व्हर आला आणि व्ह्यूअर म्हणून टायगरव्हीएनसी वापरा असं सांगण्यात आलं. पायवर कॉलेजचे प्रोजेक्ट करणाऱ्या कित्येकांना जुना व्ह्यूअर अचानक का जोडेना, ते यामुळे. अशा वेळी रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये, प्रगत पर्यायांत जाऊन एक्स11 निवडावं, मशीन पुन्हा चालू करावं आणि तोच व्ह्यूअर जोडून बघावा. आता जोडला, तर कारण त्या बदलात आहे आणि व्ह्यूअर पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करून काही हाती लागणार नाही.