नकाशात हिरवं, शहरात बंदी: ड्रोनच्या दोन परवानग्या

लालबाग-परळच्या आगमन सोहळ्यांचे दिवस आले की मंडळातली पोरं मोबाइल पुढे धरतात. "दादा, बघा ना, हिरवं दाखवतंय. उडवू का?" डिजिटल स्काय या केंद्र सरकारच्या ड्रोन-पोर्टलचा नकाशा उघडलेला असतो, ड्रोन सॅकमध्ये तयार असतो. नकाशा काही खोटं बोलत नाही. पण तो ज्या प्रश्नाचं उत्तर देतो, तो आपण विचारलेलाच नसतो.

मुंबईत ड्रोनवर एकाच वेळी दोन वेगळ्या सत्ता चालतात. पहिली दिल्लीची: ड्रोन नियम, २०२१. दुसरी पोलीस आयुक्तालयाची: मनाई आदेश. दोन्हींत 'परवानगी' हाच शब्द येतो, म्हणून घोटाळा होतो.

आधी नकाशा. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने हे नियम आणले आणि पुढच्याच महिन्यात देशाच्या आकाशाचा रंगीत नकाशा जाहीर केला. हिरव्या भागात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत हवाई वाहतूक नियंत्रणाकडून (एटीसी) वेगळी परवानगी लागत नाही. पिवळ्या भागात एटीसीला विचारायचं. लाल भागात केंद्र सरकारची परवानगी हवी, म्हणजे आपल्यासारख्यांनी तो विषय सोडून द्यायचा. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवं फक्त २०० फुटांपर्यंत; त्याच्या वर पिवळं. ८ च्या आत पिवळं नाहीतर लालच. या हिशेबाने दादरचं शिवाजी पार्क आतल्या वर्तुळात अडकतं. लालबाग सांताक्रूझच्या कुंपणापासून हवाई अंतराने साधारण १० किलोमीटर, म्हणजे नुसता विमानतळ धरला तर दुसऱ्या पट्ट्यात. पण मुंबईत नुसता विमानतळ धरून भागत नाही. जुहूची धावपट्टी आहे, कुलाब्याला नौदलाचा हेलिकॉप्टर तळ आहे, तुर्भ्याला (ट्रॉम्बे) अणुसंशोधन केंद्र आहे. त्यामुळे रंग अंदाजाने ठरवू नये, उडवायच्या दिवशी नकाशात पाहावा.

यात एक फसगत खास मुंबईची आहे. २०० फूट मोजायचे ते जमिनीपासून. ड्रोनचा अ‍ॅप मात्र जिथून उडवलं तिथे शून्य धरतो. विसाव्या मजल्याच्या गच्चीवरून उडवलंत तर अ‍ॅप 'उंची ० फूट' म्हणत असतो आणि तुमचे २०० फूट गच्चीवरच संपलेले असतात. आजूबाजूला चाळीस-पन्नास मजली टॉवर उभे असताना ड्रोन डोळ्यांना बुटका दिसतो, तेवढ्यावर जाऊ नका.

नोंदणी क्रमांक आणि रिमोट पायलट प्रमाणपत्र हे आणखी दोन कागद. पहिला ड्रोनचा, दुसरा उडवणाऱ्याचा. कुठे उडवायचं याच्याशी दोन्हींचा संबंध नाही. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला प्रमाणपत्र लागत नाही. २ किलोपर्यंतचा हौसेने उडवला तरी लागत नाही, पण लग्नाचं शूटिंग पैसे घेऊन करत असाल तर लागतं.

आता दुसरी सत्ता. मनाई आदेशासाठी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १४४ होतं; १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ आलं. १४४ म्हटलं की लोकांना जमावबंदीच आठवते, पण मुंबईत याच कलमाखाली दिवाळीत उडत्या आकाशकंदिलांवर आणि संक्रांतीला नायलॉन मांजावर बंदी आलेली आहे. ड्रोनबंदीही त्यातलीच. आदेशावर बहुधा पोलीस उपायुक्त (अभियान) यांची सही असते. ड्रोनबरोबर पॅराग्लायडर, हँग ग्लायडर, गरम हवेचे फुगे अशी यादी असते, मुदत बहुतेक वेळा ३० दिवसांची. ती संपत आली की नवा आदेश निघू शकतो. अपवाद दोनच: पोलिसांची स्वतःची टेहळणी, आणि उपायुक्तांची लेखी परवानगी.

या आदेशाला रंग नाही, उंची नाही, आणि वजनही नाही. "माझा २४९ ग्रॅमचा आहे" हा युक्तिवाद दिल्लीच्या नियमांत काही ठिकाणी चालतो, हवालदारासमोर चालत नाही. कारण हेतूच वेगळा. नकाशाला काळजी विमानाची, आदेशाला काळजी घातपाताची. विमानाच्या वाटेत न येणारा छोटा ड्रोनही गर्दीवर काही टाकू शकतो, एवढंच पोलिसांना पुरतं.

गोंधळात भर घालणारी आणखी एक तरतूद ड्रोन नियमांतच आहे. राज्य सरकार किंवा पोलीस एखादा भाग तात्पुरता लाल करू शकतात, पण एका वेळी जास्तीत जास्त ९६ तास, आणि ते डिजिटल स्कायवर जाहीर करून. म्हणून पोरांना वाटतं, पोलिसांची बंदी असती तर नकाशात दिसली असती. १६३ चा आदेश त्या वाटेने येतच नाही. तो पोलीस ठाण्याच्या फलकावर लागतो, वर्तमानपत्रात येतो, भोंग्यावरून सांगितला जातो. प्रत्येकाला नोटीस देणं शक्य नसल्याने तो एकतर्फी काढलेला असतो, त्यामुळे "मला कुणी सांगितलंच नाही" याला फारसं वजन राहत नाही.

मोडल्यास काय? ड्रोन नियमांखाली १ लाख रुपयांपर्यंत दंड. मनाई आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२३: सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यातून जिवाला धोका झाला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाचा आकडा छोटा पाहून हसू नका. हा गुन्हा आहे, नाव पोलीस ठाण्याच्या दफ्तरी लागतं. नोकरीच्या वयातल्या पोराला ते लाखाच्या दंडापेक्षा महाग पडेल, असं माझं मत.

म्हणून मी क्रम उलटा ठेवतो. आधी पोलीस ठाण्यात विचारायचं की सध्या आदेश आहे का. असेल तर उपायुक्तांकडे लेखी अर्ज, तोही आठवडाभर तरी आधी. ते जमलं तरच नकाशा उघडायचा.

मागच्या आगमनाला आम्हाला उशीर झाला, अर्ज गेलाच नाही. शेवटी समोरच्या चाळीत तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत ट्रायपॉड लावला. मूर्ती वळणावर आली तेव्हा मुकुट अगदी कॅमेऱ्याच्या रेषेत होता, आणि मागे आजी चहाचे कप घेऊन उभ्या होत्या.