पार्श्वभूमी : ‘उपखोरे’ नेमके कुठवर?

ऑक्टोबर उजाडला की नाशिकच्या बातम्यांत ‘ऊर्ध्व गोदावरी उपखोरे’ हे शब्द येऊ लागतात. वरच्या धरणांतले पाणी खाली पैठणच्या जायकवाडी धरणाला सोडायचे की अडवायचे, हा वाद निम्मा धरणांचा आणि निम्मा या शब्दाचा आहे.

खोरे हा शब्द मुळात बोलीतला. शिवकाळात मावळात मुठे खोरे, कानद खोरे अशी नावे होती. माथ्यावर उभे राहिले की नजरेत भरेल एवढा, दोन डोंगररांगांमधला सखल मुलूख. शाळेतल्या भूगोलाने तो अर्थ ‘दरी’कडे सोपवला आणि खोरे ऐसपैस केले : जिथले जिथले पाणी शेवटी एकाच नदीला मिळते, ती सगळी जमीन. त्याची कड म्हणजे जलविभाजक. त्र्यंबकच्या डोंगरात ही कड पायाखाली सापडते. एका उतारावरचा पाऊस गोदावरीतून बंगालच्या उपसागराकडे जातो, पलीकडचा वैतरणेतून अरबी समुद्राकडे. सातमाळा रांगेच्या उत्तरेला कळवण, मालेगावचे पाणी गिरणेतून तापीला मिळते. तेव्हा ‘नाशिकचे पाणी’ हा मथळाच मुळात ढिला. जिल्ह्याची हद्द वेगळी, खोऱ्याची कड वेगळी.

दारणा धरण १९१६चे, गंगापूर १९६५चे, जायकवाडी १९७६चे. ही धरणे उभी राहिली तेव्हाही खोरे हा अभियंत्यांच्या नकाशावरचाच शब्द होता. २००५च्या जलनियमन कायद्याने त्याला दात दिले : टंचाईत उपखोऱ्यातल्या धरणांमध्ये पाण्याची समन्यायी वाटणी व्हावी.

आता उपखोरे म्हणजे काय? मोठ्या खोऱ्याचा तुकडा पाडताना तीन बाजूंना जलविभाजक असतो, त्यात वाद नाही. चौथी बाजू म्हणजे उपखोऱ्याचे तोंड, ते माणसाने ठरवायचे असते. सहसा ते संगमावर धरतात. ऊर्ध्व गोदावरीचे तोंड मात्र पैठणच्या धरणावर धरले गेले. त्यामुळे वरची गंगापूर, दारणा, पालखेड, मुळा, प्रवरा ही धरणसमूहांची रांग आणि खालचे जायकवाडी एकाच हिशेबात आले. तोंड वर सरकवले असते तर हा हिशेबच उभा राहिला नसता, हे नाशिककरांचे दुखणे. खालच्यांचे म्हणणे असे, की वर धरणे वाढत गेली म्हणूनच जायकवाडी भरत नाही. तेही खोटे नाही.

सूत्र असे : १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा, खरिपातला वापर मिळवून, ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचे. पूर्ण भरल्यावर उपयुक्त साठा सुमारे ७६.६५ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट), म्हणजे उंबरठा जवळपास ५० टीएमसीचा. मृतसाठा, म्हणजे दारांच्या पातळीखाली राहणारे पाणी, आणखी २६ टीएमसी; तो हिशेबात का नाही, ही वरच्यांची जुनी तक्रार.

११,५७४ क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला तेवढ्या घनफुटांचा, विसर्ग २४ तास चालला तर एक टीएमसी पाणी जाते. पण सुटलेले सगळे पोचत नाही. कोरडे पात्र आधी स्वतः पिते, उरलेले डोहांत साचते, काठचे पंप ओढतात. याला वहनव्यय म्हणतात. म्हणून विसर्गाआधी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या पाणी अडवणाऱ्या फळ्या काढतात आणि नदीकाठच्या पंपांची वीज तोडतात. फळ्या उशिरा निघाल्या तर पहिला लोंढा प्रत्येक बंधारा भरत जातो आणि पैठणला आकडा कमी लागतो. विसर्ग संथ ठेवला तरी तेच : पाण्याचा वाटेतला मुक्काम लांबतो, मुरणे वाढते. शिवाय सोडलेले आणि पोचलेले हे दोन वेगळे आकडे असतात. दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा धरतात.

२०१६मध्ये उच्च न्यायालयाने वाटणी उचलून धरली. २०२३मध्ये सुमारे ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला. त्यानंतरच्या फेरअभ्यासात ६५ऐवजी ५८ टक्क्यांची शिफारस झाली. सात टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. मोजले तर ५.४ टीएमसी होतात, आणि गंगापूर धरण काठोकाठ भरले तरी त्याचा उपयुक्त साठा ५.६ टीएमसीच होतो.