दार कुठे उघडतं, त्यावर बरंच आहे

आनंदाचं एक गणित सध्या फार फिरतंय. माणसाच्या आनंदातला ५० टक्के वाटा जन्मजात स्वभावाचा, ४० टक्के आपण रोज काय करतो त्याचा आणि परिस्थितीचा फक्त १० टक्के. स्नेहसंमेलनातल्या पाहुण्यांच्या भाषणापासून व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सुप्रभातपर्यंत कुठेही ते भेटतं. मे महिन्यात टँकरची वाट बघत घागरी रांगेला लावून बसलेल्या बाईला कोणी सांगून बघावं, की बाई, पाण्याचा आणि तुझ्या आनंदाचा संबंध दहाच टक्के, बाकी तुझ्या हातात!

हे गणित २००५ साली सोन्या ल्युबोमिर्स्की, केनन शेल्डन आणि डेव्हिड श्केड या तीन अमेरिकी संशोधकांनी मांडलं. पण ती एका माणसाच्या आनंदाची फोड नव्हती. माणसामाणसांच्या आनंदात जो फरक दिसतो, तो कशाकशामुळे पडतो याचा तो अंदाज होता. समजा, अख्ख्या गावाला सारखंच आठ दिवसांआड पाणी येतं. मग पाण्यामुळे गावातल्या दोन माणसांत फरक पडणार नाही आणि या हिशोबात पाण्याचा वाटा शून्य निघेल. म्हणून काय कोणाचा घसा कोरडा पडायचा राहतो? पुढे शेल्डन आणि ल्युबोमिर्स्की यांनीच लिहून टाकलं की टक्केवारीचं ते चित्र फार सोपं करून मांडलेलं होतं. त्यांची कबुली मात्र सुप्रभातपर्यंत पोचली नाही.

माझा आक्षेप त्याहून मुळातला आहे. 'सवयी' एका कप्प्यात आणि 'परिस्थिती' दुसऱ्या कप्प्यात, ही वाटणीच मला पटत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर सवयींचा अभ्यास केला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नवी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ पुरले तर कोणाच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला. त्यात लोकांना करायला काय सांगितलं होतं, ते जास्त महत्त्वाचं. नवी गोष्ट दिवसातल्या एका ठरलेल्या प्रसंगाला बांधायची, म्हणजे नाश्ता झाला की, किंवा दुपारच्या जेवणासोबत. तोच प्रसंग, तीच जागा पुन्हा पुन्हा आली की हात आपोआप चालतो. सवयीला टेकायला जागा लागते. ती जागाच काढून घेतली तर?

याचं उत्तर शोधायला आपल्याला लांब जायची गरज नाही. लातूर-धाराशिवच्या सीमेवरची गावं पुरेत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपानं किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं झोपेत जमीनदोस्त झाली. हजारो माणसं गेली, ती मुख्यतः घरांच्या वजनाखाली. दोन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी पाटन, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, असं ते माळवद. उन्हाळ्यात त्याच्यासारखं घर नाही, भूकंपात त्याच्यासारखा वैरी नाही. त्यानंतर पन्नासावर गावं नव्या जागी वसवली गेली. जमिनीच्या हिशोबानं २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. सरळ रेघेतले रुंद रस्ते, प्रत्येक घराभोवती मोकळी जागा. भूकंपानंतर हे करणं भागच होतं, त्यात वाद नाही. पण नवं गावठाण जुन्याच्या कैकपट पसरलं. शेजारच्या ज्या घरात भिंतीवरून हाक मारता यायची, त्या घरातली माणसं आता चार रस्ते ओलांडून राहायला गेली.

जुन्या वाड्याची ढाळज आठवा. मोठ्या दरवाजातून आत आलं की दोन्ही बाजूंना कमरेइतके उंच ओटे. त्यावर घोंगडी, कोपऱ्यात पानाचा डबा, खुंटीला टोपी. इथं बसलेला म्हातारा घरातही असतो आणि रस्त्यावरही. जाणाऱ्याला "कुठं निघालाव?" एवढं विचारलं की पुढचा अर्धा तास गेलाच. यासाठी कोणी वेळ काढत नव्हतं, कोणी 'माणसांशी बोला' असा संकल्प सोडत नव्हतं. दाराची रचनाच तशी होती.

आता १९५० सालचं एक संशोधन पाहू. लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शाख्टर आणि कर्ट बॅक यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या विद्यार्थी-वसाहतीत कोणाची मैत्री कोणाशी जमते हे तपासलं. घरं मिळताना निवडीला वाव नव्हता. तरी अगदी शेजारच्या दारातल्यांपैकी ४१ टक्के लोक एकमेकांचे जवळचे मित्र निघाले. मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्के होतं. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरच्यांशीही ओळख जास्त, कारण येणारा-जाणारा त्यांच्या दारावरून जायचा. स्वभाव जुळतात म्हणून मैत्री होते असं आपण समजतो. पण आधी दारं जुळावी लागतात. आणि माणसांचा सहवास हा आनंदाचा इतका भक्कम आधार आहे, की हार्वर्ड विद्यापीठात १९३८ पासून चालू असलेला दीर्घ अभ्यासही शेवटी जवळच्या नात्यांपाशीच येऊन थांबतो.

जुन्या गावाचे गोडवे गाताना मात्र जरा दमानं घ्यावं. त्या गल्ल्या जातीजातीच्या होत्या आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीला ढाळजेत जागा नव्हती. पारावरच्या गप्पा पुरुषांच्या. बायका भेटायच्या त्या आडावर, पुढे हापश्यावर. घरात नळ आला तेव्हा ती भेट गेली, पण डोक्यावरची घागरही गेली. त्या भेटीसाठी घागर परत मागणारी एकही बाई मला भेटलेली नाही. प्रश्न एवढाच, की घागर गेल्यावर भेटायला दुसरी जागा कोणी केली का?

आता झोपेकडे येऊ, कारण उन्हाळ्यात मराठवाड्यात आनंदाचा प्रश्न रात्री दहानंतर सुरू होतो. झोप लागण्यासाठी शरीराच्या आतलं तापमान साधारण अंशभर खाली यावं लागतं. त्यासाठी हातापायांच्या कातडीतून उष्णता बाहेर टाकली जाते. भोवतालची हवाच तापलेली असेल तर ती जाणार कुठं? सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत खाली ओकत राहतो. पत्र्याचं तर बोलायलाच नको. मनगटी पट्ट्यांच्या नोंदी वापरून ६८ देशांत झालेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. रात्रीचं किमान तापमान ३० अंशांच्या वर राहिलं की झोप सरासरी १४ मिनिटांनी कमी होते, असं त्यात दिसलं. गरीब देशांतले लोक, म्हातारी माणसं आणि बायका यांना फटका जास्त. १४ मिनिटं किरकोळ वाटतील. पण ही सरासरी आहे, आणि अशा रात्री एकामागून एक येतात. रात्र जागून काढलेल्या मेंदूत भीती आणि राग हाताळणारा भाग, अमिग्डला, नकोशा चित्रांना सुमारे ६० टक्के जास्त जोरानं प्रतिसाद देतो, हे मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूचे स्कॅन काढून दाखवलं. सकाळी नळावर होणाऱ्या भांडणांतली निम्मी तरी आदल्या रात्रीच्या स्लॅबवर लिहावीत असं मला वाटतं. हा माझा अंदाज, विज्ञानाचा नव्हे. उपाय जुनेच: गच्चीवर पाण्याचा सडा, चुन्याचा पांढरा हात, उघड्यावर बाज. चुना सूर्यप्रकाश परतवतो आणि रात्री उघड्या आभाळाखाली अंगाची उष्णता वर निघून जाते.

एक गोष्ट मात्र ना गच्चीनं सुटते, ना ढाळजेनं. ती म्हणजे हातात पैसा नसणं. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि जियाइंग झाओ या संशोधकांनी तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांच्या बुद्धिचाचण्या घेतल्या. निष्कर्ष २०१३ मध्ये आले. शेतकरी तेच. तोडणीआधी, हात आखडलेला असताना, त्यांना चाचण्या जड गेल्या. तोडणीनंतर, पैसे आल्यावर, सोप्या गेल्या. चणचण डोक्यातली जागाच व्यापून टाकते. कारखान्याच्या बिलाची वाट बघणाऱ्याला किंवा मुकादमाची उचल फेडत फडावर राहणाऱ्या जोडप्याला कृतज्ञतेची डायरी लिहायला सांगणं मला उर्मटपणाचं वाटतं.

ज्यांच्या हातात थोडं काही आहे, त्यांच्यासाठी शिकागोतला एक प्रयोग बघण्यासारखा आहे. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी रोज लोकलनं जाणाऱ्या काहींना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलं, काहींना गप्प बसायला. गप्प बसल्यावरच बरं वाटेल, असा लोकांचा आधीचा अंदाज होता. जास्त बरं वाटलं ते बोललेल्यांना. आपल्या एसटीत हे शिकवावं लागत नव्हतं. बुड टेकलं की "गाव कोणतं?" आणि पुढच्या थांब्यापर्यंत पाहुणेमंडळी निघायची. आता कानात बोंडं असतात.

मार्गशीर्षातल्या अमावस्येला, म्हणजे येळवशीला (वेळ अमावस्येला), लातूर, धाराशिव भागात बाजारपेठा ओस पडतात आणि माणसं शेतात जाऊन कोपीपाशी पंगत मांडतात. त्या दिवशी भज्जी, आंबील आणि उंडे खायला वाटसरूलाही हाक मारली जाते. २०२५ च्या जागतिक आनंद अहवालात सोबतीनं जेवण्यावर एक अख्खं प्रकरण आहे. शंभरावर देशांतल्या माहितीत, जे लोक अधिक वेळा इतरांसोबत जेवतात ते आयुष्याबद्दल अधिक समाधानी दिसतात. समाधानी असतात म्हणून सोबत जेवतात की उलट, हे त्यातून ठरत नाही.

पण येळवस वर्षातून एकदाच. रोजचं काय, हे घर बांधतानाच ठरतं. ग्रामीण घरकुलाला किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे स्वयंपाकाच्या जागेसह जेमतेम २७० चौरस फूट. एवढ्यात ओटा बसवायचा म्हटलं की गवंडी आधी खर्च सांगतो. तरीही दारासमोर दीड फूट रुंदीचा, दोन माणसं टेकतील एवढा कट्टा काढून घ्यावा. दार शेजाऱ्याच्या दाराकडे तोंड करून ठेवता येत असेल तर ठेवावं आणि स्लॅबला दर उन्हाळ्यात चुना मारावा. स्टीलच्या चकचकीत गेटपेक्षा हे सगळं मिळून स्वस्त पडतं.